नळ बसवलेलं पिंप

"एक भोक पाडायचं आहे आणि एक नाव घासायचं आहे," असं म्हणून रमाकांत चांदवडकरांनी चादरीत गुंडाळलेली एक मोठी वस्तू आमच्या काउंटरवर ठेवली. ठेवली कसली, निजवली. मग रस्त्याकडे एकदा पाहून चादर सोडली. आत पाणी भरायचं स्टीलचं पिंप होतं, तीसेक लिटरचं, झाकणासकट. त्याच्या पोटावर, जिथे नाव असतं तिथे, जखमेला लावतात तसल्या चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. तीन, एकाखाली एक.

"पट्ट्यांखाली काय आहे?" मी विचारलं.

"ते वाचायचं नाही. घासायचं."

"न वाचता कसं घासू? डोळे मिटून?"

एरवी ते हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत.

ही गोष्ट २००९ सालची, दिवाळी उलटून तीन आठवडे झाले होते. आमचं दुकान नाशिकच्या भांडीबाजारात. दुकान सासऱ्यांनी थाटलेलं, त्यांना सगळा बाजार तात्या म्हणायचा. वजनकाटा माझ्या यजमानांकडे, आणि दाराशी छोट्या टेबलावर भांड्यांवर नाव घालायचं काम माझ्याकडे. लग्नसराईत दिवसाला शंभराच्या वर नावं होतात. त्यामुळे कोणत्या मावशीने भाचीला वाटीवर भागवलं, कोणत्या मामाने बोलून दाखवला हंडा आणि आणला तांब्या, हे मला त्या त्या घरातल्यांच्या आधी कळतं. मी कुणाला सांगत नाही. विसरतही नाही.

तात्यांनी मला हे काम शिकवताना सांगून ठेवलं होतं की नाव घासून मागायला दोनच प्रकारची माणसं येतात, एक चोर आणि एक रागावलेला. चोराला परत पाठवायचं आणि रागावलेल्याला चहा पाजायचा. रमाकांतरावांना मी चोर म्हणू शकत नव्हते, म्हणून समोर चहा सांगितला.

खरं म्हणजे गेले पंधरा दिवस ते आमच्या दुकानातच राहायला आल्यासारखे होते. ओझरच्या विमान कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून मुलाने, अमेयने, पुण्याहून एक पुस्तक आणि दोन पोती पाठवली. पुस्तक घरच्या घरी बिअर करायचं, पोत्यांत त्यासाठीचे जव, मोड आणून वाळवलेले. कायद्याचं मला विचारू नका, मी भांडी विकते. घरी त्यांनी बायकोला, सरोजवहिनींना, 'जवाची पेज' असं सांगितलं होतं. वहिनी काही बोलल्या नव्हत्या, म्हणजे त्यांना कळलं होतं.

ह्या सगळ्या खटाटोपात अवघड गोष्ट एकच, असं त्यांचं म्हणणं. भरडलेले जव गरम पाण्यात तासभर मुरवायचे. पाणी सदुसष्ट अंश. फार खाली गेलं तरी काम बिघडलं, वर गेलं तरी बिघडलं, आणि त्या तासात विस्तव लावायचा नाही, झाकण उघडायचं नाही. म्हणजे भांडं असं हवं, जे ऊब धरून गप्प बसेल. वर त्याला खाली नळ हवा, आत चाळण हवी, म्हणजे चोथा वर राहून गोड पाणी तेवढं खाली उतरेल.

एवढं ऐकून मी त्यांना सात भांडी दाखवली. कोणताही दुसरा माणूस वाजवून बघतो, आत डोकावतो आणि घेतो. ह्यांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून उकळतं पाणी आणवलं, एकेका भांड्यात ओतलं, थर्मामीटर खुपसलं आणि स्टुलावर तासतासभर बसून राहिले. माझे यजमान म्हणाले, गिऱ्हाईक आहे की ताप आलेला पेशंट आहे. आत्ताच्या पातळ पत्र्याची भांडी तासात नऊ-नऊ अंश उतरली. केटरिंगवाल्यांची चहाची टाकी टिकली, पण तिचा नळ इतका बारका की चोथ्याने चोंदला असता, आणि आत हात जात नाही. मग त्यांच्या कुणा मित्राने मासे ठेवायची बर्फाची पेटी दिली. ती घेऊन ते मला दाखवायला आले. त्या पेटीने ऊब उत्तम धरली होती, आणि बोंबलाचा वासही. दुकानात दोन दिवस उदबत्ती लावावी लागली.

आणि आज हे पिंप. मी वाकून कड चाचपली. पत्रा आजच्या दुप्पट जाड, झाकण घट्ट, उघडताना हवा ओढल्यासारखं होत होतं.

"मिळालं तुमचं भांडं," मी म्हटलं. "कुठून आणलंत?"

"जुन्या बाजारातून."

जुन्या बाजारातलं भांडं कोणी घरच्या भरतकामाच्या चादरीत गुंडाळून आणत नाही. पण तो मुद्दा मी राखून ठेवला. पट्ट्यांवरून बोट फिरवलं तर खाली ठिपके लागले. म्हणजे मशीन यायच्या आधीचं काम, छिन्नीने एकेक ठिपका ठोकून घातलेलं नाव.

"रमाकांतराव, हे घासून जाणार नाही. वरून चकाकेल, पण ठिपके आतल्या अंगाला उमटलेले असतात. हात घातला की लागतील."

"दिसलं नाही म्हणजे झालं."

"पण ऊब धरायला वरून गोधड्या गुंडाळणार ना तुम्ही? मग नाव दिसणार तरी कुणाला?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मला दिसतं," म्हणाले.

मग जाता जाता, जणू हवापाण्याचं बोलत असावेत तसं, म्हणाले की पुतणीचं लग्न ठरलंय, मृण्मयीचं, डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी. पत्रिका आली. पोस्टाने आली. गावातल्या गावात, गंगापूर रोडवरून इंदिरानगरला, पाच रुपयांचं तिकीट लावून. तीन दिवसांनी पिंप न्यायला येतो, असं सांगून ते गेले, आणि दारातून परत फिरून बजावून गेले की सरोजला ह्यातलं काही कळता कामा नये.

ते वळणावर दिसेनासे झाले तशी मी पट्ट्या उचकटल्या.

*चि. सौ. कां. वैजयंती हिस*
*आप्पा व आईकडून, मनमाड*
*१२-५-१९८१*

हात तात्यांचा होता. त्यांचा 'ज' मी कुठेही ओळखते, पोट सुटलेला असतो. आणि मजकूरही मला पाठ होता, कारण गेली कित्येक वर्षं मी तो दर पाडव्याला लिहीत होते.

झालं होतं असं. रमाकांत आणि उमाकांत हे सख्खे भाऊ, पंचवटीत एकत्र राहायचे. नव्वद साली वेगळे झाले. भांडण नव्हतं, जागा पुरत नव्हती. भांडी वाटायला काही अडचण आली नाही, कारण प्रत्येकावर नाव होतं. दोघी जावा समोरासमोर बसल्या, नाव वाचायचं आणि ज्याचं त्याच्या ढिगात ठेवायचं. संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं. आठवड्याने उमाकांतच्या बायकोच्या, वैजयंतीच्या लक्षात आलं की तिचं पिंप नाही. तिचे वडील रेल्वेत गार्ड होते, त्यांनी ते आमच्याच दुकानातून नाव घालून नेलेलं आणि लग्नात मनमाडहून आपल्या गार्डाच्या डब्यातून स्वतः आणलेलं. वाटणीच्या त्याच वर्षी ते वारले होते. एरवी एका पिंपावरून कोण भांडतं. उमाकांत भावाच्या दारात गेले आणि चार शेजाऱ्यांच्या देखत विचारायचं ते विचारलं. रमाकांतरावांनीही चार शेजाऱ्यांच्या देखत सांगितलं, की ते पिंप माझ्या घरात निघालं तर पुन्हा तुला तोंड दाखवणार नाही. त्यानंतर कोणी कुणाला तोंड दाखवलं नाही, पिंप न निघताच.

पण उमाकांत जिल्हा न्यायालयात लिपिक. सोडणारा माणूस नव्हे. महिन्याभराने ते आमच्या दुकानात आले आणि तात्यांना म्हणाले, हे नाव तुमच्या हातचं आहे. कोणी घासायला आणलं तर मला कळवायचं. तात्यांनी शब्द दिला, आणि नावांच्या वहीच्या पहिल्या पानावर मजकूर उतरवून घेतला, खाली उमाकांतचा पत्ता. दर वर्षी नवी वही केली की ते पान पुढे उतरवायचं. तात्या गेल्यावर मी उतरवू लागले. मधे पत्त्याच्या जागी फोन नंबर आला, एवढाच बदल.

तर आता ते पिंप माझ्या टेबलाखाली होतं, घासायला म्हणूनच आलेलं, आणि टेबलावरच्या वहीत उमाकांतचा नंबर होता. मी फोन उचललाही. मग विचार आला, कळवलं तर काय होईल. उमाकांत खरे ठरतील. एकोणीस वर्षांनी, पुतणीच्या लग्नाच्या तोंडावर, सोळा आणे खरे. आणि खऱ्या ठरलेल्या माणसाने आपण होऊन भावाला हाक मारल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी फोन ठेवला. म्हटलं, तीन दिवस आहेत.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी सरोजवहिनी आल्या. चार दिवस मुलाकडे पुण्याला होत्या, सकाळीच परतलेल्या. आल्या आल्या त्यांनी चमच्यांचे भाव विचारले. चमचे घ्यायचे नव्हते हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"ह्यांनी तुमच्याकडे पिंप सांगितलंय म्हणे. नळ बसवून."

"सांगितलंय."

"नवं?"

मी म्हटलं, "चांगलं आहे."

त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला. मग टेबलाखाली बघितलं. "हेमाताई, ती चादर माझी आहे."

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या आणि फार वेळ न घालवता सांगायला लागल्या. पुण्याहून येऊन बॅग माळ्यावर टाकायला गेल्या तर मागच्या बाजूचं पोतं नीट घडी घालून ठेवलेलं दिसलं. त्या घरात पोत्याची घडी घालणारा माणूस एकच.

वाटणीच्या दिवशी भांडी वाटली तशी धान्यंही वाटली होती. ते पिंप गव्हाने भरलेलं होतं, वरून पोतं चढवून तोंड बांधलेलं, म्हणजे टेंपोत हिंदकळून सांडायला नको. ते भांड्यांच्या खोलीत नव्हतंच, कोठीच्या खोलीत होतं. गहू सरोजवहिनींच्या वाटणीत गेले, आणि गव्हाखालचं पिंपही गेलं. नाव पोत्याच्या आत, त्यामुळे रोज गहू काढतानाही ते आपलंच धान्याचं पिंप वाटत होतं. तीन आठवड्यांनी गहू तळाशी लागले, पोतं खाली सरकलं आणि नाव वर आलं.

"तोवर ह्यांचा शब्द निघून गेला होता," वहिनी म्हणाल्या. "चार माणसांत. मी पिंप बाहेर काढलं असतं तर हे खोटे पडले असते. नाही काढलं तर मी खोटी. म्हटलं, घरात एक खोटं पुरे, ते माझं असू दे."

"रमाकांतरावांना माहीतच नव्हतं?"

"परवापर्यंत नव्हतं. पहिलं वर्ष मला फार जड गेलं. मग त्याच्यापुढे गाद्या आल्या, अमेयचा पाळणा आला, कूलर आला. माळ्याचं एक बरं असतं."

मला आता रमाकांतरावांचा हिशेब कळला. भांडं शोधायला माळ्यावर चढून त्यांनी पिंप पाहिलं, कोणी ठेवलं ते त्यांना तत्क्षणी समजलं, आणि बायकोला जाब विचारायचा नाही म्हणून त्यांनी नावच नाहीसं करायचं ठरवलं. नाव गेलं की ते नुसतं एक पिंप, भांडीबाजारातून आणलेलं. बायकोला एकोणीस वर्षांच्या मुक्या मारातून सोडवायचा एवढाच रस्ता त्या सरळ माणसाला सुचला होता, आणि त्यापायी तो आयुष्यात पहिल्यांदा, साठाव्या वर्षी, खरोखरचा चोर व्हायला निघाला होता.

"घासू नका," वहिनी म्हणाल्या. "खाली एक ओळ वाढवा." आणि मजकूर सांगितला. मग उठता उठता म्हणाल्या, "मी येऊन गेले हे ह्यांना सांगू नका."

"तेही म्हणालेत, तुम्हाला सांगू नका."

"मग कुणालाच सांगू नका. आणि मोदकपात्राची मोठी चाळण असेल तर एक ठेवा. हे माझी घेऊन बसलेत, ती ह्या पिंपात बसायची नाही."

ती ओळ मशीनने घातली असती तर दोन मिनिटांचं काम. पण वर तात्यांचे ठिपके आणि खाली मशीनच्या रेघोट्या, हे मला बघवलं नसतं. तात्यांची छिन्नी काढली. वीस वर्षांत हातात धरली नव्हती. पहिल्या चार अक्षरांना अंगठा सोलून निघाला. भोक गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या युसुफभाईंनी पाडलं, तळापासून दोन बोटं वर, आणि वायसर टाकून पितळी नळ आवळून दिला.

तिसऱ्या दिवशी रमाकांतराव आले. मी पिंप काउंटरवर ठेवलं. पट्ट्या पुन्हा लावून ठेवल्या होत्या. त्यांनी आधी नळ फिरवून पाहिला, मग जोडावर बोट फिरवलं, मग पट्ट्यांकडे पाहिलं. तपासनीस शेवटी.

"तीन होत्या. चार कशा झाल्या?"

"जखम वाढली."

त्यांनी चौथी पट्टी सोडवली. मी मान खाली घालून एका ताटाच्या कडेला नाव घालत राहिले. नाव कुणाचं होतं, आज आठवत नाही. मशीनची घरघर तेवढी चालू ठेवायची होती.

*चि. सौ. कां. मृण्मयी हिस घड्याळकाका व काकूकडून*

रमाकांतरावांनी ओळीवरून बोट फिरवलं. पंचवटीच्या घरात मृण्मयी लहान असताना ह्यांच्या मनगटावरचं घड्याळ कानाला लावल्याशिवाय झोपायची नाही, हे मला वहिनींनीच सांगितलं होतं. त्या घराबाहेर ते नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"मी घासायला सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी ताट फिरवलं.

"पोतं घडी घालून ठेवायला नको होतं," ते स्वतःशीच म्हणाले. मग बाकीच्या तिन्ही पट्ट्याही काढल्या, गोळा करून खिशात टाकल्या. "हेमाताई, मी त्याला काय म्हणालो होतो ते तुम्हाला माहीत नसेल."

"अख्ख्या पंचवटीला माहीत आहे."

"मग मी जाऊ कसा?"

"ते मला विचारू नका. मी भोक पाडून दिलंय."

त्यांनी पिंप चादरीत गुंडाळलं. ह्या वेळी भरतकामाची बाजू वर ठेवून. म्हणाले, "आधी एकदा वापरतो."

त्या रविवारी सकाळी मी चाळण घेऊन त्यांच्या घरी गेले. पाठवून दिली असती तरी चाललं असतं, पण मला ते भांडं काय करतं ते बघायचं होतं. स्वयंपाकघरात पाटावर पिंप. तळाशी तीन वाट्या उपड्या, त्यांच्यावर मोदकपात्राची चाळण. जणू मापाने करवून घेतली असावी तशी बसली. वरून भरडलेले जव पडले, गरम पाणी पडलं, लाकडी कालथ्याने ढवळलं गेलं आणि सगळ्या घराला भाजलेल्या सातूच्या पिठासारखा वास सुटला. रमाकांतरावांनी थर्मामीटर पाहिलं. सदुसष्ट. झाकण लावलं, दोन गोधड्या गुंडाळल्या, वरून सुतळी. नावावर गोधडी येताना त्यांचा हात जरासा थांबला. मग घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

त्यानंतर तासभर काहीच करायचं नव्हतं. मला वाटतं आम्हा बायकांना असा तास कधी मिळत नाही, ज्यात चुलीवर काही नाही आणि तरी काम चालू आहे. पिंपाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला वहिनी, आणि मी दाराशी वाटाणे सोलत. वाटाणे वहिनींचे. मला रिकामं बसवत नाही.

पाऊण तास गेला. मग रमाकांतरावांनी घड्याळावरून नजर न काढता विचारलं, "गहू किती होते त्यात?"

वहिनींनी हातातलं ओटा पुसायचं फडकं खाली ठेवलं. "वीसेक किलो."

"लोकवन?"

"हो. पोळ्या मऊ व्हायच्या."

"गहू तरी आपले होते ना?"

"गहू आपलेच. वाटणीतले. गहू वाटले, पिंप वाटायचं राहिलं."

पाच-सहा वाटाणे सोलून झाले.

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही शब्द काढला नसता तर सांगितलं असतं."

त्यांनी घड्याळ उचलून पाहिलं. मग म्हणाले, "बावन्न मिनिटं झाली," आणि वहिनी म्हणाल्या, "अजून आठ आहेत." माझ्या समजुतीप्रमाणे त्या दोघांचं जे काही व्हायचं होतं ते त्या दोन वाक्यांत झालं. मी वाटाण्यांचं ताट आत नेऊन ठेवलं.

झाकण उघडलं तेव्हा पारा साडेपासष्टवर होता. तासात दीड अंश. विमानाचं इंजिन पास झालं तेव्हाही त्या माणसाचा चेहरा असा झाला नसेल. नळ सोडला. आधी गढूळ, मग मधासारखं नितळ पाणी धारेने पातेल्यात पडायला लागलं. वहिनींनी चमचाभर चाखलं. "गोड आहे की," म्हणाल्या. "बिघडते कधी?" पुढे ते उकळणं, त्यात कडू फुलं घालणं, थंडीत कॅनमध्ये आंबवणं आणि बाटल्या भरणं, ह्या सगळ्याला चार आठवडे लागले. ते मी पाहिलं नाही. पिंपाचं काम एका तासात झालं होतं. वहिनींनी ते चिंच लावून घासलं, तीन दिवस उन्हात पालथं घातलं, आणि तरी वास पुरता गेला नाही.

लग्न गंगापूर रोडवरच्या कार्यालयात होतं. मला आमंत्रण होतंच. त्या लग्नातल्या साठेक भांड्यांवरची नावं माझ्या हातची. मी सकाळी लवकर गेले आणि रुखवताच्या टेबलापाशी उभी राहिले. लाडवांचं घर, लोकरीचे ससे, सुपारीचे भटजी, सगळं मांडून झालेलं.

साडेनऊला रिक्षातून ती दोघं उतरली. रमाकांतरावांच्या अंगावर कोट, आणि काखेत चादर. कुणाकडे न बघता ते सरळ रुखवताकडे आले, पिंप सोडवलं आणि सगळ्यांत मागच्या रांगेत, भिंतीकडे नाव करून ठेवलं. मग चादरीची घडी घालायला लागले. फार नीट घालत होते. चौथी घडी पडेपर्यंत उमाकांत मागे येऊन उभे राहिले होते.

उमाकांतनी वाकून पिंप फिरवलं. वाचलं. वरचं आणि खालचं. मंडपात सनई लागलेली होती, तिचा आवाज कोणीतरी कमी करावा असं मला वाटलं.

"दादा," उमाकांत म्हणाले, "पिंप घरात निघालं तर तोंड दाखवणार नाही म्हणाला होतास."

"घरात नाही निघालं," रमाकांतराव म्हणाले. "माळ्यावर निघालं."

"माळा घरात धरत नाहीत?"

"घरपट्टीत धरत नाहीत."

उमाकांतनी तीस वर्षं कोर्टात असले मुद्दे ऐकले असतील. त्यांनी हा ऐकून घेतला आणि बराच वेळ त्याच्यावर विचार केला. मग त्यांना मी दिसले.

"तुमच्या सासऱ्यांनी मला शब्द दिला होता, हेमाताई."

"घासायला आणलं तर कळवू, असा. ह्यातलं एक अक्षर घासलंय का ते बघा. उलट वाढलीत."

त्यांनी पुन्हा वाचलं, जणू मी म्हणते ते पडताळून पाहायला. मग झाकण उघडून आत डोकावले, आणि तसेच थांबले. मान वर केली तेव्हा चेहरा वेगळाच होता. "दादा, ह्याला कसला वास येतोय?"

"जवाच्या पेजेचा."

"किती आहे?"

"बावीस बाटल्या. घरी ये."

एवढ्यात शालू सावरत वैजयंती आली. वधूची आई, हातात अक्षतांचं ताट, कपाळावर घाम. तिने दिराकडे पाहिलं नाही, जावेकडेही नाही. ताट माझ्या हातात दिलं, पिंपापाशी गेली, आणि नाव वाचायच्या ऐवजी आत हात घातला, कोपरापर्यंत. आतून बोटं फिरवत राहिली. आप्पांच्या नावाचे ठिपके तिथे तिला लागले असणार. सरोजवहिनी खांबाला धरून उभ्या होत्या. आता इथे काय बोललं जाईल ह्याची आम्ही पाचही जण वाट पाहत होतो.

वैजयंतीने हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि नळाची चावी एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून पाहिली.

"गळत नाही ना?" तिने सरोजवहिनींना विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तासभर भरून ठेवून पाहिलंय."

"मग मागे कशाला ठेवलंत?" वैजयंती म्हणाली. "धरा, वहिनी, एका बाजूने." आणि लाडवांचं घर सरकवून दोघींनी ते पुढे आणून ठेवलं, नाव लोकांकडे करून.